विमान हातभर, रान साडेतेरा एकर



मागच्या उन्हाळ्यात आम्ही बचत गटातल्या बायका अंगणात कुरडया घालत होतो. शेजारच्या मैदानात मुलंमुली रिमोटचं विमान उडवत होती. ते भरकटलं आणि राखण करत बसलेल्या आजींपासून दोन हातांवर आदळलं. कुणाला लागलं नाही, पण "हे खूळ बंद करा" अशी ओरड झाली. मुलींचे चेहरे उतरले. आम्ही म्हटलं, खूळ नको म्हणू या, जागा बघू या.

मुलींबरोबर हिशेब मांडला. धावपट्टी ४५ मीटर लांब, १० मीटर रुंद. जेमतेम साडेचार गुंठे! पण ताशी ५४ किलोमीटरनं जाणारं विमान सेकंदाला १५ मीटर पळतं. मूल दहा सेकंद गोंधळलं की ते १५० मीटर लांब गेलेलं असतं. म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांना आणि समोर तेवढं रान मोकळं हवं. तिथे घर, रस्ता, विजेची तार नको. बेरीज झाली सुमारे साडेतेरा एकर.

एवढी जमीन कोण देणार? पण विकत कुठे घ्यायचीय? पिकं निघाल्यावर माळाकडची शेतं रिकामीच असतात. सपाट करायची ती फक्त पट्टी. आम्ही पाच घरी जाऊन बोललो. पेरणीपर्यंत रविवारची सकाळ मिळाली.

विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि तसंच उतरतं. वारा कुठून येतो ते आम्हाला विचारा! खळ्यावर धान्य उफणून आमचे हात भरून आलेत. आमच्याकडे तो बहुधा पूर्व-पश्चिम, म्हणून पट्टीही तशीच आखली. उडवणारे पट्टीच्या दक्षिणेला उभे राहतात, म्हणजे हिवाळ्याचं ऊन पाठीवर येतं, डोळ्यांत नाही. बघणारे त्यांच्याही मागे. विमान फक्त समोर, कुणाच्या डोक्यावरून नाही. एक मुलगी रानाकडे लक्ष ठेवते. गुराखी दिसला की विमान खाली.

आणि सरकारचा नियमही पाहा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंतच उडवता येतं. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूटच. आपलं गाव कुठे येतं ते डिजिटल स्काय नकाशावर आधी बघा.

आता आजीही रविवारी माळावर येतात. बसतात मात्र सगळ्यांच्या मागे!

तुमच्या गावातल्या मुलींना काही उडवायचं असेल, तर नाही म्हणण्याआधी एकदा रान मोजून बघा.