बर्फाखालचं जाळं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

उत्तर कॅनडात ग्रेट स्लेव्ह लेक नावाचं अवाढव्य सरोवर आहे. खोली ६१४ मीटर, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं सर्वांत खोल. त्याच्या काठच्या यलोनाइफ शहरात, हिऱ्यांच्या खाणीतल्या नोकरीमुळे, २००४ पासून मी तीन हिवाळे काढले. डिसेंबरात सूर्य जेमतेम पाच तास दिसतो. अशा दिवसांत माणसं शेकोटीपाशी बसून राहत असतील असं वाटतं ना? उलट आहे. सरोवर गोठलं की त्याचाच रस्ता होतो आणि तिथल्या डेने लोकांचा हंगाम सुरू होतो. पाण्यात जाळी, रानात सापळे.

बर्फाखाली जाळं पसरतात तरी कसं? खाडीपलीकडच्या वस्तीतल्या एका डेने आजोबांनी मला ते दाखवलं. पूर्वी ओळीने भोकं पाडून लांब काठीने दोरी पुढे सरकवत. आता एक फळी वापरतात, तिचं नाव ‘जिगर’. शब्द इंग्रजी आहे, पण आपल्या अर्थानेही शोभतो. भोकातून आत सोडली की ही फळी तरंगून बर्फाला खालून टेकते. दोरी ओढली की तिच्यातला दांडा वरच्या बर्फात रुततो आणि फळी पुढे ढकलली जाते. ओढा, सैल सोडा, पुन्हा ओढा. वरून एकजण टकटक ऐकत चालतो. हवं तेवढं अंतर झालं की तिथे दुसरं भोक. दोरी वर आली की तिच्यामागून जाळं.

दोन दिवसांनी जाळं उपसलं. आजी उघड्या हातांनी मासे सोडवत होत्या. “गारठत नाही का हात?” मी विचारलं. “पाणी गरम आहे,” त्या म्हणाल्या. खरंच की! पाणी शून्याच्या आसपास आणि हवा उणे अठ्ठावीस. हात बाहेर काढला की खरी कळ. व्हाइटफिश बर्फावर टाकला की थोड्याच वेळात लाकडासारखा.

पूर्वी यातले पुष्कळ मासे कुत्र्यांना लागत. गाडी ओढायची तर कुत्री हवीत, आणि त्यांचा खुराक सरोवरात. साठच्या दशकापासून स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची मोटारसायकल आली. ती मासे खात नाही, पेट्रोल पिते. पेट्रोलला रोकड हवी, आणि रोकड यायची फर विकून. म्हणजे सापळ्यांची वाट किती लांब न्यायची, हे दूरच्या बाजारातला भाव ठरवू लागला.

१९८३ मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांची आयात थांबवली. आणखी उत्तरेकडचे इनुइट मुख्यतः मोठे सील मारत. पण बाजारच पडला, आणि त्यांचंही उत्पन्न बुडालं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रानातल्या फरचे भावही कोसळले. १९९१ च्या युरोपीय कायद्याचा रोख पाय पकडणाऱ्या लोखंडी सापळ्यांवर होता. हे सापळे क्रूरच. त्यात अडकलेलं जनावर तासन् तास तडफडतं, आणि त्याची बाजू मी घेणार नाही. पण झटपट जीव घेणारा सापळा घडवला तो याच मुलखात सापळे लावणाऱ्या फ्रँक कॉनिबेअरने, पन्नासच्या दशकात. जनावराची तडफड रोज पाहणाऱ्यालाच ती थांबवावीशी वाटली. शहरातल्या चर्चेत हे नाव मी क्वचितच ऐकलं.

आजोबांना मी विचारलं, “मग आता पेट्रोलचं कसं जमतं?” त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं. तो खाणीत होता. दोन आठवडे विमानाने कामावर, दोन आठवडे घरी. हिऱ्यांच्या पगारातून पेट्रोल, आणि त्यावर सापळ्यांची वाट चालू. त्या दिवशी तो सुट्टीवर होता. निम्मे मासे पोत्यात भरून तो वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या घरी पोचवायला निघाला, आणि आजोबा पुन्हा जिगरची दोरी गुंडाळू लागले.