पाहुण्यांची न्याहारी

पुण्याच्या आदरातिथ्याविषयीं थट्टेच्या गोष्टी महाराष्ट्रभर सांगितल्या जातात. "चहा घेऊनच आला असाल!" हें वाक्य पुणेकराच्या तोंडीं घालून इतर गांवचे लोक हंसतात, आणि पुणेकरही त्या हंसण्यांत सामील होतात. पण सदाशिव किंवा नारायण पेठेंतल्या एखाद्या घरीं मुक्काम करून दुसरे दिवशीं सकाळीं न्याहारीला बसण्याचा प्रसंग ज्याला आला असेल, त्याला या थट्टेंतलें खरें किती व खोटें किती हें ठाऊक असतें. सकाळीं साडेसातच्या सुमारास स्वयंपाकघरांत मोहरी तडतडते, हिंगाचा वास बाहेरच्या खोलींत येऊन पोंचतो, आणि आपल्या उठण्याची येथें वाट पाहिली जात होती, हें पाहुण्याच्या ध्यानांत येतें.

या न्याहारीच्या पदार्थांच्या कृति सांगणारीं पुस्तकें मराठींत थोडीं नाहींत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र' आपल्या पणज्यांच्या हातांत होतें. कमलाबाई ओगले यांची १९७० मध्यें निघालेली 'रुचिरा' अजूनही लग्न झालेल्या मुलींबरोबर सासरीं आणि परदेशीं जाते. कोणत्या पदार्थाला काय व किती लागतें, हें अशा पुस्तकांतून मिळतें. परंतु कृति वाचून न सुटणारा एक प्रश्न प्रत्येक घरीं उरतो. पाहुण्यांची न्याहारी ज्या व्यक्तीनें केली, ती व्यक्ति पाहुण्यांच्या शेजारीं बसून गरम गरम चार घांस खाऊं शकली काय? पदार्थ कोणता निवडावा, रात्रीं काय करून ठेवावें, चूल केव्हां पेटवावी, या साऱ्या गोष्टी या एका प्रश्नावरून ठरविल्या, तर न्याहारीही चांगली होते आणि घरही सुखी राहतें.

हा प्रश्न आजच निघाला आहे, असें नाहीं. जुन्या वाड्यांतून पहिली पंगत पुरुषांची व पाहुण्यांची असे; बायका मागाहून, उरलेल्या व निवालेल्या अन्नावर बसत. कचेरीला व शाळेला जाणारीं माणसें दहाच्या आंत पोटभर जेवून बाहेर पडत, त्यामुळें सकाळच्या वेगळ्या न्याहारीचें प्रस्थ पांढरपेशा घरांतून फारसें नव्हतें. मुलांना मऊ भात, मेतकूट आणि वर तूप मिळे. शेतावर जाणारा मनुष्य भाकरी, चटणी व कांदा खाऊन निघे. पुढें चहा आला, आणि चहाबरोबर कांहीं तरी खाण्याची रीति पडली.

हा चहादेखील पुण्यांत सुखासुखीं शिरला नाहीं. १८९० मध्यें येथील पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळींपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. त्या मंडळींत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे व बाळ गंगाधर टिळक यांच्यासारखे पुढारी होते. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध करविलीं, आणि शहरांत ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें व प्रायश्चित्तांचा वाद कांहीं वर्षें चालला. त्या वादांत चहाच्या चवीबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. कोणी कोणाच्या हातचें, कोणाबरोबर बसून घ्यावें, एवढाच तंटा होता. आज पुण्याच्या बहुतेक दिवाणखान्यांतून कोणीही कोणाच्याही शेजारीं बसून चहा घेतो. मात्र स्वयंपाकघरांत उभी असलेली व्यक्ति अजूनही पुष्कळदां त्या बैठकीच्या बाहेरच राहते. तिला कोणी मनाई केलेली नसते. पदार्थच असा निवडलेला असतो, कीं तिला तेथून हलतां येत नाहीं.

थालीपिठाचें उदाहरण घ्यावें. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहूं, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने व जिरें हीं निरनिराळीं भाजून दळलेली भाजणी ही महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांतील मोठी शहाणपणाची ठेव आहे. धान्याबरोबर डाळी असल्यामुळें हें खाणें पोटाला आधार देतें, आणि सकाळीं निघालेल्या पाहुण्याला दुपारपर्यंत भुकेची आठवण होत नाहीं. लोण्याचा गोळा, घट्ट दहीं आणि लसणीची चटणी जोडीला असली, म्हणजे दुसरें कांहीं मागूं नये. पण हिशेब करून पाहावा. एक थालीपीठ मंद आंचेवर दोन्ही बाजूंनीं खमंग होण्यास सुमारें ५ मिनिटें लागतात. दहा माणसें व माणशीं दोन, म्हणजे वीस थालीपिठें. एका तव्यावर १०० मिनिटें झालीं. दोन तवे मांडले तरी ५० मिनिटें उभें राहणें आलेंच. आधीं करून ठेवावीं म्हटलें, तर तीं वातड होतात. म्हणून तिघां-चौघां पाहुण्यांकरितां थालीपीठ उत्तम. दहा जणांना तेंच करावयाचें असेल, तर घरांतल्या दोघां-तिघांनीं आळीपाळीनें तव्यापाशीं उभें राहण्याचा करार आदल्या रात्रींच व्हावा.

दहा-बारा पाहुण्यांची सकाळ निभावून नेण्यास कांदेपोह्यांसारखा मित्र नाहीं. याचें कारण पोह्यांच्या जन्मांत आहे. साळ भिजवून, भाजून व चेपून पोहे तयार होतात; म्हणजे ते घरीं येतात तेव्हांच अर्धेअधिक शिजलेले असतात. त्यांना शिजवावयाचें नसतें, फक्त ओलावा व वाफ द्यावयाची असते. १० माणसांना सुमारें ८०० ग्रॅम जाड पोहे, ५-६ मध्यम कांदे, ८-१० हिरव्या मिरच्या आणि दोन मुठी शेंगदाणे पुरतात. पोहे चाळणींत घेऊन वाहत्या पाण्याखालीं धुवावे, पाणी पूर्ण निथळूं द्यावें व दहा-पंधरा मिनिटें झांकून ठेवावे. बोटांत धरून दाबल्यावर दाणा सहज मोडला पाहिजे, पण त्याचा लगदा होतां कामा नये. मीठ व चिमूटभर साखर याच वेळीं हलक्या हातानें लावून ठेवावी, म्हणजे पुढें कढईंत फार ढवळावें लागत नाहीं.

फोडणींत मोहरी, हिंग, मिरच्या, कढीलिंब व शेंगदाणे झाल्यावर कांदा घालावा. कांदा लाल करूं नये; तो पारदर्शक व मऊ झाला कीं पुरे. हळद तेलांतच पडली पाहिजे, कारण तिचा रंग पाण्यांत नीट उतरत नाहीं, तेलांत उतरतो; वरून भुरभुरलेली हळद कच्ची लागते आणि पोहे ठिपक्याठिपक्यांचे दिसतात. सर्वांत मोठी चूक घडते ती उत्साहाच्या भरांत सगळे पोहे एकाच कढईंत लोटल्यानें. खालचे पोहे वरच्यांच्या भारानें दबून त्यांचे गोळे होतात, आणि वरच्यांना वाफ पोंचत नाहीं. दोन खेपा कराव्या. पहिली खेप वाफेवर असतांना दुसरीची फोडणी होते, आणि अवघें काम वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतें. ओलें खोबरें, कोथिंबीर आणि लिंबाची फोड ताटलींतच द्यावी. लिंबू कढईंत पिळलें तर त्याचा ताजा वास उडून जातो. ज्या पाहुण्याला मधुमेह असेल, त्याच्यासाठीं साखर न घातलेले दोन डाव पोहे आधींच बाजूला काढावे व शेंगदाणे अंमळ सढळ हातानें घालावे. त्याच्या पथ्याची चर्चा मात्र चारचौघांत करूं नये.

गमतीची गोष्ट अशी, कीं अस्सल मराठी म्हणून मिरविणाऱ्या या ताटलींतले पुष्कळसे घटक स्वतःच पाहुणे आहेत. मिरची, शेंगदाणा आणि कोणी घालीत असल्यास बटाटा, हे तिन्ही अमेरिका खंडांतून निघून समुद्रमार्गें इकडे आले. 'बटाटा' हें नांव तर पोर्तुगीजांनींच आपल्या स्वाधीन केलें. शेजारच्या उपिटाचें नांव कानडी आहे: 'उप्पु' म्हणजे मीठ व 'हिट्टु' म्हणजे पीठ. आलेल्या पाहुण्यांना घरचें करून घेण्याची कला पुण्याच्या स्वयंपाकघराला अवगत आहे, याला आणखी पुरावा नको.

उपिटाचा गुण असा, कीं त्याचें निम्में काम आदल्या रात्रीं करून ठेवतां येतें. रवा थोड्या तुपावर मंद आंचेनें भाजून डब्यांत भरून ठेवावा. भाजण्यानें रव्यांतली ओल जाते व प्रत्येक कणाला तुपाचा हात लागतो, त्यामुळें पाणी पडल्यावर गुठळ्या होत नाहींत. सकाळीं फोडणी करून एक वाटी रव्याला अडीच वाट्या उकळतें पाणी घातलें व दोन वाफा आणल्या कीं झालें. गोडाचा शिरादेखील पाहुण्यांच्या आधीं अर्धा तास तयार होऊन झांकणाखालीं निवांत बसूं शकतो. तुपामुळें तो लवकर कोरडा पडत नाहीं. यावरून बेताचें सूत्र सहज हातीं लागतें. एक पदार्थ थांबणारा असावा व एक न थांबणारा. दोन्ही न थांबणारे निवडले, तर करणारीनें थांबावयाचें, आणि तें सुद्धां चुलीजवळ!

पाहुणे शेंकड्यांनीं आले तरी हें सूत्र लागू पडतें, हें पाहावयाचें असल्यास आषाढी वारीच्या दिवसांत पुण्याच्या पूर्वेकडील पेठांतून हिंडावें. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी भवानी पेठेंत पालखी विठोबाच्या मंदिरांत, आणि तुकाराममहाराजांची नाना पेठेंत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरांत उतरते. दोन रात्रींचा मुक्काम होऊन तिसऱ्या दिवशीं पहाटें दोन्ही पालख्या निघतात. एक दिवे घाट चढून सासवडला, दुसरी लोणी काळभोरच्या वाटेला. घाट चढावयाच्या माणसाला चहा-बिस्किटांनीं काय होणार? तिथीच्या हिशेबानें हा दिवस बहुधा एकादशीचा येतो, म्हणून त्या पहाटेस साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू व केळीं यांचें राज्य असतें. नुसता साबुदाणा म्हणजे केवळ पिष्ट. त्याला जोर येतो तो दाण्याच्या कुटानें. रात्रीं साबुदाणा धुऊन, जेमतेम बुडेल इतकेंच पाणी ठेवून भिजत घातला, म्हणजे पहाटें तो मोकळा होतो आणि काम झटपट उरकतें. परंतु त्या पहाटेची खरी शिकवण निराळीच आहे. एके ठिकाणीं खिचडी, दुसरीकडे चहा, असें काम वांटलें जातें. एरवीं चहाचा पेलाही न विसळणारीं मंडळांचीं पोरें मोठमोठ्या कढयांपाशीं झारा घेऊन उभीं राहतात. काम इतक्या हातांत विभागलें गेल्यावर कोणा एकीलाच उपाशी राहण्याची वेळ येत नाहीं. रस्त्यावर जें दोन दिवस सहज जमतें, तें घरांत वर्षभर कां जमूं नये?

कारण घरांत न्याहारीला अद्यापि परीक्षेचें रूप आहे. लग्नासाठीं मुलगी पाहण्याच्या समारंभाला मराठींत 'कांदेपोह्यांचा कार्यक्रम' हेंच नांव पडलें आहे. मुलीनें ताटल्या घेऊन यावयाचें, मंडळींनीं चवीवरून व चालीवरून मनांत गुण द्यावयाचे, आणि "पोहे हिनेंच केले आहेत" अशी ग्वाही तिच्या आईनें द्यावयाची! पोहे तिनेंच केले असतील, पण तिच्या हातांत ताटली क्वचितच असते. ज्या घरीं मुलगी ताटल्या ठेवून स्वतःही एक घेऊन समोर बसते, त्या घरीं परीक्षेची भेट होते. आणि जो मुलगा "पुढच्या खेपेस आमच्याकडे या, पोहे मी करीन" असें म्हणूं शकतो, त्यानें आपला परिचय अर्ध्या तासांत पुरा करून दिला, असें समजावें.

सुदाम्यानें द्वारकेस नेलेले पोहे मूठभरच होते. पण ते श्रीकृष्णानें मित्राला जवळ बसवून खाल्ले, म्हणून ती गोष्ट आजवर सांगितली जाते. तेव्हां पाहुणे येणार असें कळल्यावर रात्रीं निजण्यापूर्वीं चार कामें उरकावीं: रवा भाजून ठेवावा, खोबरें खवून ठेवावें, शेंगदाणे व मिरच्या काढून ठेवाव्या, आणि सकाळीं चहा कोण करणार व ताटल्या कोण मांडणार हें नांव घेऊन ठरवावें. ताटल्या मोजतांना करणारीची ताटली पहिल्यांदा मोजावी. निरोप घेतांना पाहुणे "पोहे फार सुरेख झाले होते" असें म्हणतातच, "पण तुम्हीं खाल्लेत ना?" असें विचारण्याची पाळी मात्र त्यांच्यावर येऊं नये.