इंटरनेटवरील स्वतंत्र नभोवाणी

एकाच मेजावर एक जुना रेडिओ व एक मोबाइल फोन ठेवून दोहोंवर आकाशवाणीचें एकच केंद्र लावलें, तर एक गमतीची गोष्ट अनुभवास येते. रेडिओवरील निवेदकाचें वाक्य पुरें होऊन तो दुसऱ्या वाक्याकडे वळलेला असतो, आणि फोनवरील तोच निवेदक मागाहून सावकाश पहिलें वाक्य बोलूं लागतो. कधीं दहा सेकंदांचें, कधीं त्याहूनहि अधिक असें हें अंतर असतें. घरांतील मंडळी हा फोनचा दोष समजतात. वस्तुतः तो दोष नसून समजून उमजून पत्करलेली किंमत आहे. ती कशासाठीं मोजावी लागते हें कळलें, म्हणजे इंटरनेटवरून स्वतःचा नभोवाणी-कार्यक्रम चालविणाऱ्या मनुष्यापुढील अडचणींचाहि बराचसा उलगडा होतो.

असा उद्योग कोणी करावा तरी कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. भारतांत खासगी एफ्. एम्. केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाहीं. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकविणें एवढेंच त्यांच्या हातीं असतें. समुदाय-नभोवाणीचा परवाना शिक्षणसंस्था, सेवाभावी संस्था, कृषिविज्ञान केंद्रें अशांना मिळतो. एकट्या व्यक्तीला मिळत नाहीं. तेव्हां दर रविवारीं तासभर आपल्या गांवच्या पाण्याविषयीं किंवा विस्मृतींत गेलेल्या गायकांविषयीं बोलावें असें एखाद्याच्या मनांत आलें, तर त्याला मोकळी वाट उरते ती इंटरनेटचीच.

स्वतंत्र नभोवाणी ही गोष्ट मुंबईला नवी नाहीं. १९४२ च्या ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला पोलिसांची धाड पडेपर्यंत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालविला. त्यांचें संकट निराळें होतें. ध्वनिक्षेपक सांपडूं नये म्हणून त्याचें बिऱ्हाड एका घरांतून दुसऱ्या घरांत हलवावें लागे. परंतु एका बाबतींत ते सुखी होते. लहर एकदां आकाशांत गेली, कीं ती दहा घरांत ऐकली काय आणि दहा हजार घरांत ऐकली काय, यंत्रावर कणभरहि जास्त भार पडत नसे. इंटरनेटवरील निवेदकाला नेमकें हेंच सुख नाहीं.

इंटरनेटवर श्रोता लहर पकडीत नाहीं. तो मागणी करतो, आणि प्रत्येक मागणीगणिक कार्यक्रमाची निराळी प्रत रवाना करावी लागते. शंभर श्रोते म्हणजे शंभर प्रती. याचा हिशेब शाळकरी मुलालाहि करतां येईल. सीडीच्या प्रतीचा ध्वनि दर सेकंदास १४,११,२०० बिट एवढी जागा घेतो. तो एमपीथ्री पद्धतीनें दाबून १२८ किलोबिटांवर, म्हणजे सुमारें अकराव्या हिश्शावर आणतात. तरीहि एका श्रोत्याला तासाभरांत ५७.६ मेगाबाइट पुरवावे लागतात, शंभरांना ५.७६ गिगाबाइट. कार्यक्रम लोकांना आवडूं लागला कीं खर्च चढूं लागतो, आणि ज्या दिवशीं श्रोत्यांची गर्दी लोटते त्याच दिवशीं कार्यक्रम कोसळण्याची भीति सर्वांत जास्त.

यावरचा उपाय पूर्वींच निघाला होता. २४ जून १९९३ रोजीं कॅलिफोर्नियांत ‘सिव्हिअर टायर डॅमेज’ नांवाच्या एका हौशी वाद्यवृंदाचा कार्यक्रम इंटरनेटवरून थेट प्रसारित झाला व तो ऑस्ट्रेलियापर्यंत पोंचला. त्यासाठीं वापरलेल्या ‘एमबोन’ जाळ्याची युक्ति अशी, कीं मुळांतून एकच प्रत निघावी आणि जेथें वाट फुटते तेथेंच तिच्या दोन प्रती व्हाव्या. पाटाच्या पाण्याची बारीं फोडतात तशीच ही रीत. पण त्यासाठीं वाटेंतील प्रत्येक कंपनीनें आपल्या यंत्रांत ही सोय ठेवावयास हवी होती, आणि दुसऱ्याच्या श्रोत्यांकरितां आपण कां खटाटोप करावा, असा तो मामला होता. सार्वजनिक इंटरनेटवर ही रीत रूढ झाली नाहीं. १९९४ च्या नोव्हेंबरांत नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठांतील डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थ्यांच्या केंद्रानें आपलें प्रक्षेपण इंटरनेटवर आणलें, तेव्हांपासून आजतागायत बहुधा दर श्रोत्यास एक प्रत हाच व्यवहार चालत आला आहे.

म्हणून निवेदक स्वतःच्या घरून फक्त एकच प्रत पाठवितो आणि पुढील प्रती काढण्याचें काम दूरच्या सर्व्हरकडे सोंपवितो. ‘आइसकास्ट’सारखी हें काम करणारी प्रणाली फुकट मिळते, सर्व्हरचें भाडें मात्र फुकट नसतें. आणि ती एक प्रत तरी घराबाहेर सुखरूप पडली पाहिजे! टेलिफोनच्या तारेवरील जुन्या जोडणींत घराकडे येणारी वाट रुंद आणि घरांतून जाणारी अरुंद अशीच रचना होती. गिऱ्हाइकानें घ्यावें, द्यावें कशाला, असा तिचा एकंदर रोख. फायबरमुळें ही अडचण पुष्कळ कमी झाली. तरी निवेदक बोलत असतांनाच घरांतील कोणी सहलीचीं छायाचित्रें पाठवूं लागला, तर वाक्याचे तुकडे होऊं शकतात.

आतां त्या विलंबाकडे वळूं. ध्वनि इंटरनेटवरून अखंड धारेनें जात नाहीं. त्याचीं लहान लहान पुडकीं होतात. एखादें वाटेंत हरवतें, एखादें रेंगाळतें. हरवलेलें पुन्हां मागवितां येतें, पण तें येईपर्यंत मागचीं सारीं खोळंबतात. अशा वेळीं गाणें तुटूं नये म्हणून फोन आधीं थोडा ध्वनि सांठवून घेतो आणि मग त्या सांठ्यांतून ऐकवूं लागतो. या सांठ्याला बफर म्हणतात. नळाचें पाणी येवो न येवो, गच्चीवरील टांकीमुळें तोटी कांहीं वेळ चालतेच; त्यांतलाच हा प्रकार. श्रोता येतांच आइसकास्ट त्याच्या पदरांत साधारणतः ६४ किलोबाइट एकदम टाकतें. १२८ किलोबिटांच्या हिशेबानें ही चार सेकंदांची बेगमी झाली. अ‍ॅपल कंपनीनें २००९ सालीं आणलेल्या पद्धतींत कार्यक्रमाचे लहान तुकडे पाडतात. तुकडा सहा सेकंदांचा धरला व असे तीन तुकडे हातीं आल्यावर ऐकविण्यास सुरुवात केली, तर अठरा सेकंद तेथेंच गेले. टांकी मोठी केली तर खंड कमी पण विलंब जास्त. लहान केली तर उलट. दोन्ही सुखें एकदम कोणालाच मिळत नाहींत.

घड्याळांचा घोळ याहून सूक्ष्म आहे. निवेदकाचें यंत्र सेकंदास ४४,१०० नमुने घेतें आणि श्रोत्याचें यंत्र तितकेच वाजवितें, असें कागदावर असतें. प्रत्यक्षांत दोन यंत्रांचे स्फटिक अगदीं सारखे कधींच चालत नाहींत. दहा लाखांत पन्नासांचा फरक असला तर तासाभराच्या कार्यक्रमांत कोणाच्या ध्यानांतहि यावयाचा नाहीं. परंतु अहोरात्र चालणाऱ्या केंद्राच्या बाबतींत तो दिवसाला चार सेकंदांहून अधिक होतो. श्रोत्याचें यंत्र घाईचें असेल तर टांकी हळूहळू रिकामी होते आणि मध्यरात्रीं, कांहींहि बिघाड नसतां, गाणें क्षणभर थांबतें.

श्रोत्याशीं फोनवरून बोलण्याचा बेत असेल तर फजितीला पारावार नाहीं. बोलणाऱ्यानें आपल्या घरांतील कार्यक्रमाचा आवाज बंद केला नाहीं, तर वीस सेकंदांपूर्वींचें स्वतःचेंच बोलणें कानीं पडून त्याची जीभ अडखळते. त्याच्याकडे परत पाठवावयाच्या ध्वनींतूनहि त्याचा स्वतःचा आवाज तेवढा वगळावा लागतो. ही खटपट न केल्यामुळें चांगले चांगले वक्ते बोबडे ठरले आहेत.

पण सर्वांत मोठी पंचाईत ही, कीं निवेदकाला आपण ऐकूं जात आहों कीं नाहीं तें कळत नाहीं. माइकची तार निसटली तरी सर्व्हर इमानानें शांतता पोंचवीत राहतो. पडद्यावर श्रोत्यांचा आंकडाहि दिसत असतो. वीज गेली आणि संगणक बॅटरीवर चालू राहिला तरी, राउटरला बॅटरीचा आधार नसल्यास, बाहेरची वाट बंद होते, आणि निवेदक मात्र भिंतीशीं रंगून बोलत असतो. जोडणी तुटल्यास एखादी ध्वनिमुद्रिका आपोआप सुरू करण्याची सोय आइसकास्टमध्यें आहे, पण ती आधीं लावून ठेवावी लागते. खरा पहारेकरी म्हणजे दुसऱ्या जोडणीवरचा एक साधा फोन. तो घरच्या इंटरनेटवर नसावा. परक्या श्रोत्यासारखा बाहेरून ऐकणारा असावा.

कार्यक्रमाच्या अखेरीस तर त्याचा उपयोग विशेष. ‘नमस्कार’ म्हणतांच यंत्र बंद केलें, तर शेवटचा तुकडा सर्व्हरपर्यंत न पोंचतांच राहण्याचा संभव असतो. म्हणून निवेदकानें तंबोऱ्याचा सूर तसाच चालूं द्यावा, तो फोन कानाशीं धरावा, आणि आपलाच नमस्कार आपल्याला ऐकूं आला म्हणजे मग हळूच कळ फिरवावी.