डोक्याचं माप आणि अक्कल



"बायकांची अक्कल गुडघ्यात" हे आपण लहानपणापासून ऐकलंय. आता तेच शास्त्राचं नाव घेऊन सांगतात. पुरुषाचा मेंदू मोठा, म्हणून व्यवहार त्याला जास्त कळतो, असं मोबाईलवर फिरतं. आणि गटात कर्जाचा विषय निघाला की आपल्यातलीच एखादी म्हणते, "मला काय कळतंय, मालकांना विचारून सांगते."

तर आज मेंदूबद्दल बोलू.

बाईचा मेंदू सरासरीनं पुरुषापेक्षा शंभरेक ग्रॅम हलका असतो, हे खरं. तिचं अंगही लहान असतं. पण वजनावर अक्कल ठरत असती तर हत्तीला सरपंच करावं लागलं असतं, त्याचा मेंदू साडेचार-पाच किलोचा! माणसाचा तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. आइन्स्टाइन या थोर शास्त्रज्ञाचा मेंदू १२३० ग्रॅम भरला, म्हणजे सरासरीहून कमीच. लाखो वर्षांत माणसाचा मेंदू तिपटीनं वाढला, हेही खरं. पण निअँडरथल नावाचे आपले जुने भाऊबंद होते, त्यांचा मेंदू आपल्याएवढा, काहींचा तर मोठाच होता. ते सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी नाहीसे झाले.

डोकं मोजून माणसाची लायकी ठरवणाऱ्यांना एका मराठी बाईनं उत्तर दिलंय. इरावती कर्वे. महर्षी कर्व्यांची सून, 'युगान्त' लिहिणारी. शिकायला जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा खुद्द सासऱ्यांचा विरोध होता, बाईंच्या शिक्षणासाठी जन्म घालवलेल्या माणसाचा! नवरा दिनकरराव मात्र पाठीशी उभे राहिले.

बर्लिनमध्ये त्यांचे गुरू होते ऑयगेन फिशर. गोऱ्यांच्या कवटीची उजवी-डावी बाजू सारखी नसते, कारण उजवीकडचा पुढचा मेंदू मोठा असतो, म्हणून ते जास्त हुशार, असं त्यांचं म्हणणं. ते सिद्ध करायचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. वंशाचा आणि कवटीच्या त्या फरकाचा काहीच संबंध निघाला नाही, आणि त्यांनी तसंच लिहून दिलं. परका देश, पंचविशीच्या आतलं वय, आणि पदवी त्याच गुरूच्या हातात. त्यांच्या नातीनं, ऊर्मिला देशपांडे यांनी, एका सहलेखकासोबत त्यांचं चरित्र लिहिलंय. गुरूनं अगदी कमी दर्जा देऊन पास केलं, असं त्यात आहे. पुढं हिटलरच्या राजवटीनं अशाच विचारांवर लाखो माणसं मारली. मला वाटतं, इरावतीबाईंची ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात हवी होती.

मग दवाखान्यात बाळाच्या डोक्याचा घेर कशाला मोजतात, असं कुणी विचारेल. तो वाढ नीट चालली आहे का, हे बघायला. नर्सबाई म्हणाल्या डॉक्टरांना दाखवा, तर टाळू नका. पण दोन धडधाकट लेकरांची डोकी बघून हे हुशार, ते ढ, असं ठरवता येत नाही.

मेंदूला खरं लागतं ते खाणं. शरीराच्या वजनात तो दोन टक्के, पण बसल्याजागी खर्च होणाऱ्या ताकदीतली वीस टक्के एकटा खातो. पहिल्या दोन वर्षांत त्याची बरीचशी वाढ होऊन जाते. पोटातल्या बाळाच्या मेंदूला आयोडीन आणि लोह आईकडूनच मिळतं. आणि आपल्याकडं गरोदर सून सगळ्यांच्या मागून जेवते, पातेल्यात उरलं तर कालवण, नाहीतर चटणी-भाकरी. लोहाच्या गोळ्या फडताळात तशाच पडून राहतात. सासूबाई ऐकत असतील, त्यांनी आज सुनेला आधी ताट वाढावं.

मीठही बघून घ्या. पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह असलेलं आयोडीनयुक्त मीठ आणा. सुटं खडा मीठ स्वस्त पडतं, पण त्यात पुरेसं आयोडीन असेलच असं नाही. मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवा, आणि कालवण होत आल्यावर टाका.