मागे उभा राहणारा मास्तर



ग्रंथालयाच्या शतकोत्सवी व्याख्यानमालेत बालवीर चळवळीसारखा विषय यावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पुस्तकांचा आणि शिट्टी-दोरीचा संबंध काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. संबंध आहे तो माणसांचा. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर घरी न जाता देवघेवीच्या टेबलाशी येऊन बसणारा बिनपगारी चिटणीस आणि सुटीच्या दिवशी मैदानावर मुलांची वाट पाहत उभा असलेला स्काऊटमास्तर, ही एकाच कुळातली माणसे. पहिल्याविषयी या उत्सवात पुष्कळ बोलले गेले आहे. आजचे बोलणे दुसऱ्याविषयी आहे.

बालवीरांसंबंधी जे काही लिहिले जाते, ते बहुतेक मुलांविषयी असते. मुले शिस्त शिकतात, स्वावलंबी होतात, सेवा करतात, हे सारे खरेच आहे. पण पथक चालवणाऱ्या प्रौढ माणसापुढचा प्रश्न निराळा आहे, आणि तो अधिक अवघड आहे. मुलांच्या हाती काम सोपवून त्याने स्वतः किती मागे सरायचे? आणि मागे सरूनही जबाबदारी खांद्यावरून कशी खाली ठेवायची नाही?

या प्रश्नाचे मूळ चळवळीच्या जन्मातच आहे. दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंग या गावाला १८९९-१९०० साली २१७ दिवस वेढा पडला होता. गावाच्या रक्षणाची जबाबदारी बेडन-पॉवेल या इंग्रज सेनाधिकाऱ्यावर होती. मोठी माणसे तटावर गुंतलेली, तेव्हा निरोप पोचवण्यासारख्या कामांसाठी गावातील मुलांची एक तुकडी करण्यात आली. खरी जबाबदारी मिळाली की मुलगा तिला जागतो, ही गोष्ट या अधिकाऱ्याच्या मनात तेथे ठसली. पुढे ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर त्याने सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले. त्यांतील काही मुले ईटन-हॅरोसारख्या श्रीमंती शाळांतली, तर काही पूल आणि बोर्नमथ या जवळच्या गावांतील साध्या घरांतली होती. त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघावर त्यांच्यातलाच एक मुलगा नायक नेमला. पुढच्या वर्षी, १९०८ साली, ‘स्काऊटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पाक्षिक भागांतून निघू लागले. लेखक थांबला असता तरी चळवळ थांबली नसती, इतक्या वेगाने मुलांनी आपापली पथके काढली आणि मग ती चालवायला मोठी माणसे शोधली. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आधी मुले आली, मास्तर मागून आला.

बेडन-पॉवेल स्वतः सैनिक होते. तरीही पथक चालवणाऱ्या माणसाने शाळामास्तरही होऊ नये आणि कवायत घेणारा हवालदारही होऊ नये, थोरल्या भावासारखे वागावे, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजी वाचकाला ही उपमा कशी वाटली असेल ते असो. मराठी घरात वाढलेल्या माणसाला ती सहज कळते. आपल्याकडचा दादा धाकट्यांना रागावतो, पण वडिलांसमोर त्यांना पाठीशीही घालतो. त्याचा धाक आहे आणि त्याच्याशी भांडताही येते. हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणे, हेच या कामातले खरे कसब.

हिंदुस्थानात ही चळवळ १९०९ साली बंगळूरला आली, पण सुरुवातीला तिचे दार युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच उघडे होते. मुलींचे पहिले पथक १९११ साली आपल्या जबलपुरात निघाले. देशी मुलांसाठी जे प्रयत्न झाले, ते सरकारने केले नाहीत. ते स्वयंसेवकांनी केले. ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला स्वतंत्र संघटना काढली. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी प्रयागच्या सेवा समितीतर्फे बालवीर उभे केले. आपल्या शेजारच्या नागपुरात विवियन बोस यांनी हे काम अंगावर घेतले. पुढे हेच बोस सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. न्यायासनावर बसणारा माणूस अर्धी विजार घालून मुलांबरोबर मैदानावर उतरतो, हे त्या काळच्या प्रतिष्ठित मंडळींना पचायला जड गेले असणार! निरनिराळ्या संघटनांत मधल्या काळात एकी झाली, बेकीही झाली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाइड्स ही एकत्रित संस्था झाली, आणि पुढे तिचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आपल्या पचमढीला आले.

इतिहास एवढा पुरे. आता एका हयात माणसाकडे वळू. या इंदूर शहरातील एक गृहस्थ सुमारे तीस वर्षे एक खुले पथक, म्हणजे कोणत्याही शाळेशी न जोडलेले पथक, चालवत आले आहेत. नाव घेऊ नये, अशी त्यांची अट आहे. बँकेत लेखनिकाची नोकरी करून ते निवृत्त झाले. मुले त्यांना काका म्हणतात. येथेही तसेच म्हणू.

डिसेंबरच्या थंडीत चोरल नदीच्या परिसरात त्यांचे शिबिर होते. माळव्यातले शिबिर म्हटले की दाल-बाटी आलीच. एका संघाने गोवऱ्या पेटवल्या आणि जाळ असतानाच त्यावर बाट्या मांडल्या. नायक चौदा वर्षांचा, बाकीची मुले अकरा-बारा वर्षांची. काका वीस पावलांवर बसून हे पाहत होते. बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे पीठ होणार, हे त्यांना दिसत होते. ते उठले नाहीत. मुलांनी ती बाटी वरून खरवडून, डाळीत बुडवून कशीबशी खाल्ली. काकांच्या ताटातही तीच आली आणि त्यांनीही ती निमूटपणे खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांनी जाळ ओसरून आर होईपर्यंत दम धरला. काकांचे म्हणणे असे, की आदल्या दिवशी त्यांनी उठून सांगितले असते, तर बाटी चांगली झाली असती. पण ती काकांची बाटी झाली असती.

ऐकायला हे सोपे वाटते. ज्यांनी पोटच्या मुलाला पहिल्यांदा सायकलवर सोडले आहे, त्यांनाच ती वीस पावले किती लांब असतात ते कळेल. या वीस पावलांची तालीम काकांना पहिल्या काही वर्षांत सर्वांत जड गेली. आपल्याला येणारी गोष्ट दुसरा चुकीची करत असताना हात मांडीवर ठेवून बसणे हे आपल्या समाजात कोणी शिकवत नाही. आपल्याकडे वडीलकी म्हणजे बोलणे! प्राध्यापक मंडळींनी तर याविषयी न बोललेलेच बरे.

घरची आठवण येऊन रात्री रडणारा मुलगा प्रत्येक शिबिरात एखादा तरी असतो. काका त्याच्याजवळ जात नाहीत, याचे काही पालकांना वाईट वाटते. ते संघनायकाला उठवतात. तो मुलगा डोळे चोळत जातो आणि धाकट्याच्या शेजारी बसतो. बहुधा त्यालाही काय बोलावे हे सुचत नाही, मग तो विजेरी लावून तंबूत शिरलेला किडा दाखवतो किंवा उद्याच्या जेवणाचा बेत सांगतो. थोड्या वेळाने दोघेही झोपतात. काका गेले असते तर मुलगा तेवढाच लवकर झोपला असता. पण चौदा वर्षांच्या त्या नायकाला, आपल्या जवळ बसण्याने कोणाचे रडे थांबते, हे कळायचे राहून गेले असते. संघपद्धतीवर १९१४ च्या सुमारास पुस्तक लिहिणारे रोलंड फिलिप्स हे तरुण स्काऊटमास्तर १९१६ साली पहिल्या महायुद्धात मारले गेले. मोठा माणूस नसला तरी संघ चालला पाहिजे, हे त्यांच्या विचाराचे सार आहे. ते स्वतः असे अकाली गेले, हे लक्षात घेतले की ते सार अधिकच मनाला भिडते.

मात्र काका सर्वत्र मागे राहतात, असे समजू नये. पाणी, आजार आणि छळ या तीन ठिकाणी ते विचारविनिमयाला जागाच ठेवत नाहीत. पाताळपाणी आणि तिंछा या धबधब्यांवर पावसाळ्यात क्षणात पाणी चढते, हे इंदूरकरांना सांगायला नको. तेथे संघनायकाचा निर्णय चालत नाही; काका सांगतील तेथेच उभे राहायचे. छळाचे तसेच. एखाद्याच्या बोलण्याला, जातीला, रंगाला किंवा फाटक्या बुटाला मुले हसू लागली की काही स्काऊटमास्तर ‘मुले आपसात मिटवतील’ म्हणून दुर्लक्ष करतात. काकांना हे मान्य नाही. कच्ची बाटी पोटातून जाते, अपमान जात नाही, असे ते म्हणतात. कोठे बसून राहायचे आणि कोठे धावायचे, हा विवेक पुस्तकातून येत नाही, प्रशिक्षणातूनही पुरता येत नाही.

आता थोडे अप्रिय बोलावे लागेल. परक्या माणसाच्या भरवशावर मुलाला चार रात्री पाठवायचे, ही पालकांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. अमेरिकेतील बालवीर संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. अनेक दशकांत पथकप्रमुखांकडून लैंगिक अत्याचार झाल्याचे दावे तिच्याविरुद्ध पुढे ऐंशी हजारांहून अधिक जणांनी दाखल केले. ज्या विश्वासावर हे सारे काम उभे आहे, त्याचाच काहींनी घात केला आणि इतरांनी तो झाकला. आपल्या देशात २०१२ साली बालकांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला, हे चांगले झाले. काकांच्या पथकात कोणताही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद जागेत राहत नाही, दोन प्रौढांवाचून शिबिर निघत नाही आणि पालक न कळवता केव्हाही येऊ शकतात. काही जुन्या स्वयंसेवकांना हे नियम अपमानकारक वाटले. इतकी वर्षे निरपेक्ष काम करून शेवटी संशय, अशी त्यांची तक्रार. काकांचे उत्तर असे, की बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत, त्यामुळे कोणा रोखपालाला आपण चोर ठरलो असे वाटले नाही. पैशाला जी काळजी, तीच मुलांना का नको?

आपल्याकडील बहुतेक पथके शाळांना जोडलेली असतात. तेथे स्काऊटमास्तर बहुधा नेमलेला असतो, आलेला नसतो. त्यांतही जीव ओतणारे शिक्षक आहेत. पण वेळापत्रकात तासिका भरायची म्हणून गणवेश चढवणारेही आहेत. प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार ही पायरी-पायरीची योजना मुलाने स्वतःच्या चालीने चढावी अशी आहे. कोठे कोठे ती वह्या भरून प्रमाणपत्रे मिळवण्याची योजना होऊन बसते. ‘याचा पुढे उपयोग काय?’ असे पालक विचारतात, तेव्हा काका रागावत नाहीत. तो प्रश्न प्रामाणिक आहे, असे त्यांना वाटते. प्रमाणपत्रासाठी आलेला मुलगा दोरीच्या गाठीत गुंतला की कशासाठी आलो होतो ते विसरतो, हा त्यांचा अनुभव. या बाबतीत ते प्रस्तुत विवेचनापेक्षा अधिक उदार आहेत, हे नमूद केले पाहिजे.

मुलांची संख्या घटली आहे. एकेकाळी चार भरलेले संघ होते, आता जेमतेम दोन होतात. रविवार सकाळ शिकवणी वर्गांनी घेतली, म्हणून काकांनी सभा शनिवारी संध्याकाळी नेली. त्यावर भाषण केले नाही.

दोन वर्षांपूर्वी पथकाची सूत्रे त्यांनी एका तरुणाकडे दिली. हा पूर्वीचा संघनायक, आता संगणक कंपनीत नोकरी करतो. त्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. पदयात्रेत तो मोबाइलवरचा नकाशा वापरू देतो, आणि होकायंत्र मग मोबाइल बंद करून शिकवतो. शेकोटीच्या कार्यक्रमाच्या शेवटी काकांचे जे छोटेसे भाषण होत असे, ते त्याने विनयपूर्वक काढून टाकले. मुलांच्या मागे उभे राहणे काकांना साधले होते. आपल्या वारसाच्या मागे उभे राहण्याचा अभ्यास त्यांनी साठी उलटल्यावर सुरू केला आहे. ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांनाही हा अभ्यास अपरिचित नसावा.

सध्या सामानाचे खाते काकांकडे आहे. तंबू, दोऱ्या, पातेली आणि खुंट्या मोजून घ्यायच्या आणि मोजून परत ठेवायच्या. गेल्या शिबिरात निघताना दोन खुंट्या कमी भरल्या. मुलांना मागे पाठवून त्या शोधून आणाव्यात, असे काकांचे मत होते. अंधार पडत आला आहे, नव्या घेऊ, असे तरुणाचे मत पडले. खुंट्या तेथेच राहिल्या, आणि काकांनी वहीत दोन कमी अशी नोंद केली.