दंड सरकारजमा, नुकसान ग्राहकाचे



 वजनमापातील फसवणूक, भेसळ, फसव्या जाहिराती यांच्याविरुद्ध आपण ग्राहक चळवळीतले कार्यकर्ते वर्षानुवर्षे लढत आलो. आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. ग्राहकाची वैयक्तिक माहिती हीसुद्धा त्याने मोजलेली किंमत आहे आणि ती माहिती निष्काळजीपणे हाताळली गेली, तर नुकसानभरपाई ग्राहकालाच मिळाली पाहिजे. आपला डेटा संरक्षण कायदा ती देत नाही.

बिल करताना काउंटरवरून मोबाइल नंबर विचारला जातो आणि आपण तो सांगून टाकतो. ही सक्ती इतकी रुळली की मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाला किरकोळ विक्रेत्यांसाठी सूचना काढावी लागली : विक्रीसाठी नंबरची अट घालू नका. नुसत्या दहा आकड्यांत एवढे काय आहे, असे कोणी विचारील. पण हेच दहा आकडे बँकेत, औषधाच्या दुकानात, विमा कंपनीत आणि मुलाच्या शिकवणीतही दिलेले असतात, आणि माणूस नंबर सहसा बदलत नाही. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकमेकींना जोडण्याची ती किल्ली होते. सुट्या असताना निरुपद्रवी वाटणाऱ्या या नोंदी एकत्र आल्या की घरातले आजारपण, कर्ज, मिळकत, सारे उघडे पडते. आणि ग्राहकाला कळते ते एवढेच, की अनोळखी माणसाचा फोन आला आणि त्याला आपल्याबद्दल बरेच काही ठाऊक होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : ग्राहकाने स्वतःच संमती दिली होती. ही संमती कशी मिळते ते कर्ज देणाऱ्या ॲपनी आपल्याला दाखवले. पैशांची निकड असलेला माणूस पडद्यावर येईल त्या प्रश्नाला होकार देतो. त्या होकाराच्या जोरावर फोनमधले सगळे संपर्क उचलले गेले आणि वसुलीसाठी नातेवाइकांना, सहकाऱ्यांना फोन करून कर्जदाराची अब्रू काढली गेली. अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि कर्जदाराच्या फोनमधली संपर्क यादी, फायली, कॉलच्या नोंदी यांना हात लावू नका, असे बजावले. संमती असली तरी काही गोष्टी मागताच येणार नाहीत, हे तत्त्व तिथे मान्य झाले. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्या होकाराला कायद्याने फार वजन देऊ नये.

आता कायद्याकडे वळू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा दिला. त्यात ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मागण्याचा हक्क होता. २०१९च्या विधेयकातही तो राहिला. मात्र ते विधेयक मागे घेऊन ऑगस्ट २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला, त्यातून हा हक्क गळाला. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण ती रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ ने भरपाई मागण्याची सोय केली होती. ते कलमही या कायद्याने रद्द ठरवले. उलट, खोटी वा क्षुल्लक तक्रार केली म्हणून ग्राहकालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीची जोखीम ग्राहकाने घ्यायची आणि हाती काही पडायचे नाही, अशा व्यवस्थेत तक्रार करणार कोण? त्यात तक्रार ऐकणाऱ्या मंडळाचे सदस्य केंद्र सरकार नेमते आणि सरकारी यंत्रणांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकारही त्याच सरकारकडे आहे. हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. आज मी त्यात शिरत नाही.

भरपाईची मुभा दिली तर खटल्यांचा पूर येईल आणि छोटा दुकानदार भरडला जाईल, ही भीती मी हलक्याने घेत नाही. पण ती आपण पूर्वीही ऐकली आहे. वैद्यकीय सेवा १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात दिला, तेव्हा दवाखाने बंद पडतील असे म्हटले गेले. दवाखाने चालू राहिले, आणि निष्काळजीपणाची दाद मागण्याची वाट रुग्णाला मिळाली. छोट्या दुकानदाराची गोष्ट तर सोपी आहे. २०२३चा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे, उधारीच्या वहीला तो शिवत नाही. जो नंबर विचारतच नाही, त्याला सांभाळायलाही काही उरत नाही. मोठ्या कंपन्यांबद्दल म्हणाल, तर युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या डेटा संरक्षण नियमावलीच्या ८२व्या कलमात पीडिताला भरपाईचा हक्क आहे. तिथल्या ग्राहकांची माहिती हाताळणारे पुण्यातले, नवी मुंबईतले आपलेच अभियंते ती नियमावली पाळून काम करतात. परक्या ग्राहकासाठी जमणारी काळजी घरच्या ग्राहकासाठी अशक्य कशी ठरते?

म्हणून माझी मागणी आहे की भरपाईचा हक्क कायद्यात परत यावा आणि तो मागण्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे असल्याचे कायद्यातच स्पष्ट लिहावे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आधीच सांगतो. पाया तयार आहे. मात्र पुराव्याचा भार कंपनीवर हवा. माहिती नेमकी कुठून फुटली हे ग्राहक कधीच दाखवू शकणार नाही, कारण सगळ्या नोंदी कंपनीच्या ताब्यात असतात.

कायदा बदलायला वेळ लागेल, पण एक काम आजच हाती घेता येईल. संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय २०२३च्या कायद्याने ग्राहकाला दिला आहे. माहिती कशासाठी हवी हे मराठीत लिहून मागा, गोव्यातल्या कार्यकर्त्यांनी कोकणीत मागा, आणि तो कागद जपून ठेवा. उद्या भरपाईचा हक्क मिळेल, तेव्हा कंपनीने काय कबूल केले होते हे तोच कागद आयोगापुढे सांगेल. या परिषदेतून आपापल्या गावी परतल्यावर प्रत्येक शाखेने हे काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे.