थकवा म्हणजे आळस नव्हे

आम्ही बँकेत कारकून. हेपॅटायटिस-सी या यकृताच्या आजाराचे निदान झाले आणि १२ आठवड्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने २४ ते ४८ आठवडे घ्यावी लागत. त्या मानाने हा उपचार सोपा. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तो मोफतही मिळतो. परंतु थकवा काही चुकला नाही. काउंटरवर नोटा मोजताना हात जड होत. सहकारी कामचुकार म्हणत. घरी येऊन आम्ही अंथरूण धरले, तर अंग अधिकच गळाले.

डॉक्टर म्हणाले, "थोडे चाला." मग सकाळी ऊन चढण्यापूर्वी १० मिनिटे, बोलता येईल इतक्याच वेगाने चालू लागलो. सौ. सोबत येत. दमण्याआधी परतायचे, जमेल तसे वाढवायचे. न जमल्यास दारापर्यंत. गोळी मात्र एकही चुकवली नाही. उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी तपासले, रक्तात विषाणू नव्हता.

आपल्या घरी असा रुग्ण असेल, तर त्यास आळशी म्हणू नका. त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत जा, एवढीच विनंती.